शॉर्ट सर्किट झालं म्हणे!

पेपरात आगीची बातमी आली की मी हल्ली शेवटची ओळ आधी वाचतो. तिथे बहुतेक वेळा एकच वाक्य असतं : ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ बंब अजून पाणी मारत असतो, आत किती माणसं होती ते कुणाला माहीत नसतं, पण प्राथमिक अंदाज मात्र तयार! पुढे कधी दुय्यम अंदाज किंवा अंतिम अंदाज छापून आल्याचं मला तरी आठवत नाही. त्या प्राथमिक अंदाजावरच सगळं आटोपतं. मंत्री येऊन जातात, पाच लाखांची मदत जाहीर होते, ‘दोषींची गय केली जाणार नाही’ हे वाक्य म्हटलं जातं, आणि आपण पान उलटून क्रिकेटकडे वळतो.

मला या ‘शॉर्ट सर्किट’ शब्दाचा मनापासून राग आहे. पूर्वी देवीची साथ आली की ‘देवीचा कोप’ म्हणायचे, तसंच हे झालंय. कोप झाला म्हटलं की कुणाला काही विचारायला नको. शॉर्ट सर्किट कुणाला अटक होऊन जेलात जात नाही, राजीनामा देत नाही आणि निवडणूकही लढवत नाही. सगळ्यांच्याच सोयीचा आरोपी!

आधी त्या बिचाऱ्या शॉर्ट सर्किटची बाजू तरी ऐकून घेऊ. शाळेत शिकलेलं थोडं आठवा. दोन तारा एकमेकींना टेकल्या की प्रचंड करंट वाहतो, याला शॉर्ट सर्किट म्हणायचं. हे व्हायचंच, म्हणून तर आपल्या प्रत्येकाच्या घरात दाराच्या वर तो एमसीबीचा डबा बसवलेला असतो. खरंखुरं शॉर्ट सर्किट झालं आणि एमसीबी योग्य मापाचा असला, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली पडतो. मग आग लागली तर पहिला प्रश्न हा यायला हवा की एमसीबी का नाही पडला? तो होता का? की वारंवार पडतोय म्हणून कुणी इलेक्ट्रिशियनने १६ अँपिअरचा काढून तिथे ३२ चा ठोकला, आणि मागची वायर मात्र तीच ठेवली? हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘आता नाही पडणार साहेब’ असं म्हणून तो पैसेही घेऊन गेला. त्याचं खरं होतं. आता तो पडणार नाही, आता भिंतीतली वायर वितळेल.

दुसरी गंमत अशी की विजेमुळे लागणाऱ्या कितीतरी आगी मुळात शॉर्ट सर्किटच्या नसतातच. सैल जोड तापतो. एका सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डाला दुसरा बोर्ड, त्याच्यावर गीझर किंवा इस्त्री असं असलं की प्लगच्या पिना तापतात, प्लॅस्टिक काळं पडतं. यात करंट मर्यादेपेक्षा फार वाढतोच असं नाही, त्यामुळे एमसीबीला काही पत्ता लागत नाही. मग शेवटी इन्शुलेशन जळतं, तारा उघड्या पडतात, त्या टेकतात, आणि तेव्हा कुठे शॉर्ट सर्किट होतं. म्हणजे कितीदा तरी शॉर्ट सर्किट हे आगीचं कारण नसून आगीचाच परिणाम असतो. पंचनाम्यात मात्र घोडा आणि गाडी यांची जागा बदललेली असते.

‘उपहार’ आठवतंय? दिल्लीचं थिएटर, १३ जून १९९७, ‘बॉर्डर’ सिनेमा चालू होता. ५९ माणसं गेली. तिथे तळमजल्यावर पार्किंगला लागून वीजमंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच दिवशी सकाळी त्याची दुरुस्ती झाली होती आणि केबलचा जोड नीट दाबून बसवलेला नव्हता. तो सैल जोड ठिणग्या टाकू लागला, तेल पेटलं, शेजारच्या गाड्या पेटल्या. पण माणसं त्या आगीत जळून मेली नाहीत. ती वर बाल्कनीत धुराने गुदमरून मेली. का? तर बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या घालून उजवीकडची वाट बंद केलेली होती. दिवे गेले, माइकवरून कुणी काही सांगितलं नाही. आणि याच इमारतीत १९८९ सालीही ट्रान्सफॉर्मरला आग लागून गेली होती. आता या सगळ्यात ‘शॉर्ट सर्किट’ शब्दाने तुम्हाला नेमकं काय कळणार? सैल जोड कळेल? खुर्च्या कळतील? १९८९ कळेल?

माझा मुद्दा हाच आहे. आग कशाने लागली हा प्रश्न दुय्यम आहे. घर म्हटलं, कारखाना म्हटला की ठिणगी पडणारच. गॅस आहे, देवापुढे निरांजन आहे, वीज आहे, दिवाळीत फटाके आहेत. खरा प्रश्न हा की लागलेली आग एका खोलीतून अख्ख्या इमारतीत कशी गेली, आणि माणसं बाहेर का पडू शकली नाहीत. या प्रश्नाला शॉर्ट सर्किट हे उत्तर होऊच शकत नाही. त्याचं उत्तर नेहमी कुणीतरी घेतलेला एखादा निर्णय असतं. कुणीतरी दार बंद केलेलं असतं, कुणीतरी जिना अडवलेला असतो, आणि कुणीतरी ते न बघता सही केलेली असते.

नुसती यादी बघा. पुण्याजवळ उरुळी देवाची इथे मे २०१९ मध्ये साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले ५ कामगार मेले, कारण दुकानाला बाहेरून कुलूप होतं. त्याच महिन्यात सुरतला क्लासमधली २२ पोरं गेली. वरच्या मजल्यावर कच्चं बांधकाम करून क्लास थाटलेला आणि उतरायची वाट धुराने भरलेली. पोरं खिडक्यांतून उड्या मारताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत दहा-बारा दिवसांत दोन आगी लागल्या. साकीनाक्याला फरसाणाच्या दुकानात १२ कामगार, आणि कमला मिलमध्ये गच्चीवरच्या हॉटेलात १४ जण. कमला मिलमधली बरीच माणसं स्वच्छतागृहात सापडली. बाहेरची वाट न दिसल्याने तिकडे गेली आणि धुराने गुदमरली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात अर्पोऱ्याच्या नाइटक्लबात २५ जण गेले, त्यात बहुतेक तिथे राबणारे कामगार.

या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. कमला मिलची बातमी महिनाभर चालली, फरसाणाच्या दुकानाची दोन दिवस. मेलेल्यांत दोनच माणसांचा फरक होता. जिथे काम करायचं तिथेच माळ्यावर झोपायचं आणि रात्री मालकाने बाहेरून कुलूप लावायचं, ही आपल्याकडची अगदी रुळलेली पद्धत आहे. माल चोरीला जाऊ नये म्हणून! मालाचा विमा असतो, त्या पोरांचा नसतो. हेच न्यूयॉर्कला १९११ साली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात झालं होतं. दारांना कुलपं, १४६ मृत, त्यात बहुतेक तरुण मुली. त्यानंतर तिथे कायदे बदलले. आपण शंभर वर्षांनंतरही कुलूपच शोधतोय.

आता म्हणाल, परदेशात काय आगी लागत नाहीत? लागतात ना. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला जून २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. आग सुरू झाली चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजमध्ये. आपल्याकडे असती तर बातमी तिथेच संपली असती, ‘फ्रिजमध्ये शॉर्ट सर्किट’. तिथल्या चौकशीने फ्रिज शोधला, ज्याचा फ्रिज होता त्याचा काही दोष नाही असं स्वच्छ सांगितलं, आणि मग पुढे विचारलं की एका स्वयंपाकघरातली आग २४ मजले कशी चढली? उत्तर मिळालं, इमारत सुंदर दिसावी आणि ऊब टिकावी म्हणून बाहेरून बसवलेले पत्रे. त्यांच्या पोटात पॉलिथिलीन होतं. ते कुणी विकलं, कुणी चाचण्यांमध्ये लबाडी केली, कुणी पास केलं, सरकारला केव्हापासून माहीत होतं, हे सगळं सप्टेंबर २०२४ मधल्या जवळजवळ १७०० पानी अहवालात नावानिशी आलं. सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशीच्या अध्यक्षांनी सांगितलं. याचा अर्थ तिकडे सगळं आलबेल आहे असा अजिबात नाही. २००९ साली लंडनमध्येच लॅकनल हाउसला आग लागून ६ जण गेले होते, त्यातून जे शिकायचं ते शिकले नाहीत म्हणून तर ग्रेनफेल झालं. पण निदान प्रश्न विचारायची तरी त्यांची तयारी आहे.

आपल्याकडे काय होतं ते भंडाऱ्यात दिसलं. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाचा नवजात बालकांचा विभाग, १० बाळं. मला ती बातमी पूर्ण वाचता आली नाही. लगेच राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. मग एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात डझनाहून जास्त रुग्ण गेले. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात ११ गेले. एकाच वर्षात तीन. आदेश होते, ऑडिटही बऱ्याच ठिकाणी झाली असतील. पण ऑडिट म्हणजे कागद. कागदाने आग विझत नाही, उलट कागद पेटतो!

गंमत म्हणजे आपल्याकडे कायदा आहे आणि तो चांगला आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. नाव मोठं आहे, पण त्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची आहे. सरकारची नाही, बिल्डरची नाही. सोसायटी असेल तर सोसायटीची, म्हणजे माझी आणि तुमची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन ‘यंत्रणा चालू आहे’ असं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यायचं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात.

हे वाचणाऱ्यांत किती जणांनी आपल्या सोसायटीचा फॉर्म बी पाहिलाय? हात वर करा. (मला दिसणार नाही, पण तुमचं तुम्हाला कळेल.)

आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. चौदा मजले, ठाण्याच्या बाजूला. गेल्या सर्वसाधारण सभेत मी फायर पंपाचा विषय काढला. पंपाच्या पॅनेलवरचं बटण ‘ऑटो’ऐवजी ‘ऑफ’वर असतं. कारण काय, तर पाइपात कुठेतरी गळती आहे, दाब कमी होतो, छोटा पंप सारखा चालू होतो, विजेचं बिल येतं आणि तळमजल्यावरच्यांना आवाजाचा त्रास होतो. म्हणून वॉचमनने बंद केला. मजल्यांवरच्या लाल पेट्यांमधली पितळी नोझल्स केव्हाच भंगारात गेली. दुरुस्तीचा खर्च जवळपास चार लाख. त्याच सभेत लिफ्टसमोर ग्रॅनाइट लावायला सहा लाख मंजूर झाले, तेही एकमताने. पंप ‘पुढच्या वर्षी बघू’. एक काका उठून म्हणाले, “अहो, एवढी अठरा वर्षं काही झालं का? तुम्ही उगाच लोकांना घाबरवता.” टाळ्या पडल्या. आणि फॉर्म बी? तो आहे ना, फाइलला लावलेला आहे. ज्याच्याकडून आणतात तो माणूस मला फोनवर म्हणाला, “साहेब, साइटवर यायची गरज नाही, तेवढे दोन हजार कमी करतो.”

मी नवव्या मजल्यावर राहतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालते. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. म्हणजे तिला दोन मजले खाली रेफ्यूज एरियापर्यंत कसंबसं उतरवायचं. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत ही मोकळी जागा ठेवावीच लागते, की अडकलेल्या माणसांनी तिथे थांबावं आणि जवानांनी तिथून त्यांना न्यावं. आमच्या रेफ्यूज एरियात गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल, मांडवाचे बांबू, कुणाचा तरी जुना सोफा आणि कॅरम आहे. दाराला कुलूप, किल्ली खजिनदारांकडे. गच्चीलाही कुलूप, कारण वर पोरं बसून बियर पितात. तेव्हा ‘तुम्ही लोकांना घाबरवता’ असं मला कुणी म्हटलं की मी एवढंच सांगतो, काका, मी हिशेब करतोय.

कारण रिस्क असेसमेंट असेसमेंट म्हणतात ते शेवटी हिशेबच असतो. त्याला इंजिनिअर लागतोच असं नाही. तीन प्रश्न आहेत. इथे काय पेटू शकतं? ते कशाने पेटू शकतं? आणि पेटलं तर इथलं सगळ्यात हळू चालणारं माणूस बाहेर कसं पडेल? यातला तिसरा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. इंग्लंडात २००५ च्या आदेशानुसार जवळपास प्रत्येक कामाच्या जागी एक ‘जबाबदार व्यक्ती’ असावी लागते आणि हे प्रश्न तिने विचारावेच लागतात. आपल्याकडे जबाबदार व्यक्ती कोण असं विचारलं की सगळे वॉचमनकडे बघतात.

‘अठरा वर्षं काही झालं नाही’ या युक्तिवादात दम नाही, हे वेगळं सांगायला नको. गोकुळ निवासलाही काळबादेवीत कित्येक दशकं काही झालं नव्हतं. ९ मे २०१५ ला ती जुनी लाकडी इमारत पेटली आणि कोसळली, आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. खुद्द प्रमुख! १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज फुटलं तेव्हा ६६ जवान गेले होते, त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आपण त्या आठवड्यात काय करतो? फार तर शाळेतल्या पोरांची चित्रकला स्पर्धा. आपण अडवलेल्या जिन्यातून वर जाऊन, आपण बंद ठेवलेल्या पंपाच्या भरवशावर, ही माणसं आपल्याला काढायला येतात. त्यांच्या जिवाचा हिशेब कुठल्या सभेत मांडायचा?

“पण बंब येतो ना!” येतो. त्याला यायला वेळ लागतो, आणि आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असल्याने आणखी लागतो. आणि वेळ तर नसतोच. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन दिवाणखाने सजवून पेटवून पाहिले. एक जुन्या पद्धतीचा, लाकूड आणि कापूस वापरलेला. दुसरा आजचा, फोमचा सोफा आणि सिंथेटिक पडद्यांचा. जुनी खोली एकदम भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. नवी पाच मिनिटांच्या आत भडकली. आपल्या आजोबांच्या काळात ‘आग लागली’ अशी बोंब मारून, शेजारी गोळा करून, विहिरीवरून बादल्या आणेपर्यंत वेळ मिळायचा. आता शेजारी चप्पल शोधेपर्यंत सगळं संपतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण पूर्वी थट्टेत म्हणायचे. आता बंब सोमेश्वरी असला तर तो वेळेवर पोचेल, असं धरून चालणं हीच थट्टा आहे.

आता कुलपाचा आणि ग्रिलचा मुद्दा, कारण त्यात तथ्य आहे. चोऱ्या होतात. लहान मूल खिडकीतून पडण्याची भीती खरी आहे, माझ्या पुतणीच्या घरी दोन वर्षांचं पोर आहे, मला कळतं. पण यावर उपाय कधीचे निघाले आहेत. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात ६०० हून जास्त माणसं मेली, दारं उघडता न आल्याने. त्यानंतर एक साधा आडवा दांडा निघाला, पॅनिक बार म्हणतात त्याला. दार बाहेरून बंद असतं, चोर आत येऊ शकत नाही. आतून दांड्यावर नुसतं अंग टाकलं की उघडतं. गच्चीला हेच लावता येतं. बियर पिणाऱ्या पोरांचा बंदोबस्त करायला सोबत एक भोंगा जोडा, दार उघडलं की वाजेल. ग्रिलमध्ये एक बिजागरीची झडप ठेवा, किल्ली मोठ्यांच्या हाताला येईल अशी बाजूला टांगा. म्हणजे मूलही सुरक्षित आणि म्हातारं माणूसही. सुरक्षितता विरुद्ध सुटका असं भांडण मुळात नाहीच, ते आपल्या आळसाने उभं केलंय.

आणि ‘आपला गरीब देश, एवढे पैसे कुठून आणायचे’ हे तर बोलूच नका. ग्रॅनाइटला मिळतात. शिवाय निम्म्या गोष्टी फुकट आहेत. जिन्यातले चपलांचे स्टँड आणि सायकली उचलायला पैसे लागत नाहीत. जिन्याची दारं विटा लावून उघडी ठेवायची नसतात, ती आपोआप मिटावीत म्हणूनच बसवलेली असतात. उघडी राहिली तर जिना म्हणजे धुराचं धुराडं होतं. मीटरच्या डक्टमध्ये रद्दी आणि झाडू ठेवू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या इमारतीत तळाशी पार्किंगमध्ये साठलेल्या कापडाच्या चिंध्या आणि गाड्या पेटल्या आणि वर झोपलेल्यांपैकी किमान ७ जण गेले. पार्किंग हे गोदाम नसतं. बॅटरीवरची स्कूटर जिन्याखाली चार्ज करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला खाली ई-बाइकचं दुकान आणि वर हॉटेल होतं, ८ जण धुराने गेले.

ही गोष्ट शिकवली की कळते, हेही सिद्ध झालंय. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, ४ जण गेले. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओलं कापड तोंडाला धरायला सांगितलं. त्याने विषारी वायू अडत नाही, पण धुराचे कण अडतात, आणि मुख्य म्हणजे माणूस सैरावैरा धावत नाही. पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. तिचं कौतुक आहेच. पण दहा वर्षांच्या मुलीवर ही वेळ आणणारे मोठे कुठे होते?

तर आता माझं मागणं. सरकारकडे एकच. आगीनंतरच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांसमोर ठेवा, वेबसाइटवर टाका, आणि त्यात ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द वापरायचा असेल तर पुढे तीन ओळी सक्तीच्या करा : संरक्षक यंत्रणा का चालली नाही, आग खोलीबाहेर कशी गेली, वाट का बंद होती. पत्रकारांनीही हेच तीन प्रश्न विचारावेत. मंत्र्यांना मदतीचा आकडा विचारू नका, तो ते आपणहून सांगतात.

उरलेलं मागणं तुमच्याकडे. हे पान वाचणारे म्हणजे आम्ही दहा-पंधरा ब्लॉगवाले आणि बाकी माझे नातेवाईक. आत्या, तुझ्या डोंबिवलीच्या घराला पुढेमागे दोन्हीकडे ग्रिल आहे आणि एकही उघडत नाही. मामा, तुमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर दोन पोरं झोपतात, रात्री शटरची किल्ली त्यांच्याकडे आतून ठेवा, आजपासून. गोदरेजच्या कपाटाची काळजी करता तेवढी करा. दादा, तुझ्या एसीच्या प्लगला हात लावून बघ, तापतोय का. आणि सगळ्यांनीच, रविवारी सकाळी चहा झाला की घड्याळ लावून आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत जिन्याने उतरून बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन. किती मिनिटं लागली आणि वाटेत काय काय आडवं आलं ते लिहून काढा. तो कागद घेऊन सेक्रेटरीकडे जा आणि फॉर्म बी दाखवा म्हणा. दाखवला तर पंप चालू करून दाखवा म्हणा.

आम्ही मागच्या रविवारी उतरलो. नवव्या मजल्यापासून, आईला घेऊन, एकदा वाटेत बसवून, एकोणीस मिनिटं. आकडा सोसायटीच्या फळ्यावर लावलाय. संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढून टाकला होता. मी पुन्हा लावलाय.